बाबागाडी खाली, आम्ही वर

मंगळवार, ४ नोव्हेंबर १९५८

आज पुन्हा तोच पेच! बाजारातून आले. दोन पोरं आणि बटाट्यांची पिशवी एका खेपेत वर जात नाही. थिओला आधी तिसऱ्या मजल्यावर ठेवून यावं, तर डोर्ले खाली एकटी. अडीच वर्षांची पोर, दार ढकलून रस्त्यावर जायची. डोर्लेला आधी न्यावं तर थिओ खाली एकटा. शेवटी त्याला बाबागाडीतच ठेवलं आणि डोर्लेला बखोटीला धरून वर ओढलं. त्याचं रडणं जिन्यातून माझ्या मागे मागे येत होतं.

धावत खाली आले तर तळमजल्याच्या हेगेलेबाई काठी टेकून गाडीपाशी उभ्या!

"हा जिना आहे की पाळणाघर?"

"आलेच हो मी, हेगेलेबाई."

"आलेच म्हणे! पोर रडून रडून निळं झालं. आणि चाकांची ही चिखलाची नक्षी कोण पुसणार? या आठवड्यात पाटी माझ्या दारावर आहे."

पाटी! झाडलोटीची पाळी ज्याची, त्याच्या दारावर ती लाकडी पाटी टांगायची. या घरात पवित्र शास्त्राच्या खालोखाल मान तिलाच. हेगेलेबाईंचं कंबरेचं हाड निकामी, पायरी चढवत नाही – पण खालची फरशी अन् अंगण बसून बसून लख्ख करतात. बोलण्याची सोयच नाही.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

कोळसा तळघरात. धुणं तळघरात. वाळवण माळ्यावर. आणि मधल्या जिन्यावर मी.

शनिवार, १५ नोव्हेंबर

गॉटलोब कामावरून आला तेव्हा म्हटलं, मला आता होत नाही. तो बूट काढत होता. म्हणाला, "चार वर्षं कळ काढ, माग्डा. मग साठवलेल्या पैशांतून आपलं स्वतःचं घर. दारातून थेट बागेत."

चार वर्षांनी पोरं आपापली चढतील. तेव्हा मला बाग काय चाटायचीय?

मॅट्रिक झाले तेव्हा टपाल कचेरीत बसायची स्वप्नं होती. तिथे निदान बसायला तरी मिळालं असतं! आठवड्याचा हिशेब अजून लिहिलेला नाही. लग्नानंतर असं पहिल्यांदाच झालं.

रविवार, २३ नोव्हेंबर

मृतांचा रविवार. देवळातून येताना हेगेलेबाई भेटल्या – एका हातात काठी, दुसऱ्या हातात पत्र्याची झारी आणि देवदाराची डहाळी. दर रविवारी नवऱ्याच्या थडग्यावर जातात. या गारठ्यात पाणी कसलं घालतात? पण झारी हातात हवीच. पंधरा पावलं टाकायची, थांबायचं. मदत करू का विचारलं तर म्हणाल्या, "तुम्ही तुमचं लटांबर सांभाळा."

देवळाच्या पायरीवर घरमालकीण श्वेगलरबाईंनी सांगितलं, हेगेलेबाई नव्या वर्षात वृद्धाश्रमात जाणार! तळमजला! दार उघडलं की आत! तिथल्या तिथे विचारलं.

"मुलं म्हणजे दाराशी कायमचा दंगा," श्वेगलरबाई म्हणाल्या. "पण बघू. पुढच्या शनिवारी पाटी तुमच्याकडे ना? जिना बघून ठरवते."

मेलेल्यांसाठी प्रार्थना करायच्या दिवशी मी एका जितीच्या खोल्या मागत होते. रात्रीच्या प्रार्थनेतही तेच मागितलं.

शनिवार, २९ नोव्हेंबर

डोर्लेला एप्रनच्या नाडीने टेबलाच्या पायाला बांधलं. होय, बांधलं. थिओला पाळण्यात रडू दिलं. आणि जिना घासला – वरपासून खालपर्यंत गुडघ्यांवर. मग मेण. नुसतं लावलं नाही, लोकरीच्या फडक्याने घोटून घोटून चकाकवलं. कठड्याच्या गजांमधली धूळसुद्धा विणायच्या सुईने काढली.

श्वेगलरबाई चष्मा लावून आल्या. "आरसाच की हो! यात भांग पाडावा. तळमजला तुमचाच समजा."

हेगेलेबाई दारातून बघत होत्या. म्हणाल्या, "जिना चालायला असतो, भांग पाडायला नाही." जळतात, दुसरं काय!

बुधवार, ३ डिसेंबर

पलंगावर पडून लिहिते आहे. पाय प्लास्टरमध्ये.

काल डोर्लेला वर सोडून खाली गेले, थिओला घेऊन परत चढत होते. बुटांना बर्फ. माझंच मेण! पहिल्या मजल्याच्या वरच्या वळणावर पाय सटकला. थिओला दोन्ही हातांनी वर धरलं, म्हणून सावरायला हातच उरला नाही. घोट्यातून कट्‌ असा आवाज. थिओला ओरखडाही नाही – देवाची कृपा.

पण डोर्ले! पडल्याचा आवाज ऐकून दारातून बाहेर आली. "आई!" म्हणत त्या गुळगुळीत पायऱ्यांवरून मोज्यांत उतरायला लागली. तेवढ्यात खालून हेगेलेबाई अशा ओरडल्या की घर हादरलं –

"डोर्ले! बस! आहेस तिथे बस! हललीस तर बघ!"

बसली! माझं आयुष्यात कधी ऐकलं नाही, त्यांचं ऐकलं.

मग त्या आल्या. चढवत नाही, म्हणून पायरीवर बसून, पाठमोऱ्या, एकेक पायरी बुड उचलत. किती वेळ लागला कोण जाणे. माझ्याजवळ पोचल्या, थिओला मांडीवर घेतलं. घामाने चेहरा भिजलेला. म्हणाल्या, "पाडलास भांग? आता गप्प पड, पोरी." मला एकेरीत, पहिल्यांदाच.

मंगळवार, ९ डिसेंबर

श्वेगलरबाई वर आल्या. वृद्धाश्रमात जागा नाही. यादी लांब आहे – वर्ष, दोन वर्षं. हेगेलेबाई आहेत तिथेच राहणार. "म्हणजे तुमचंही तिथेच राहिलं," म्हणाल्या, आणि हातातली वडी डोर्लेला देऊन गेल्या.

मी रडले नाही. डोर्लेने वडी चाटून माझ्या प्लास्टरला चिकटवली.

रविवार, १४ डिसेंबर

देवळाच्या घंटा ऐकल्या. मी वर. गॉटलोब डोर्लेला घेऊन गेला. थिओ दोन तास रडत होता. दात येतायत. मी लंगडत त्याला घेऊन खिडकीशी उभी राहिले. खाली अंगण दिसत होतं, हेगेलेबाईंनी झाडलेलं. खूप वेळ बघत राहिले. मग खिडकी लावली. खिट्टी घातली. खुर्ची खिडकीपासून लांब सरकवली.

प्रार्थना सुचली नाही. हे कुणाला सांगायचं नाही.

बुधवार, १७ डिसेंबर

सकाळी जिन्यातून हाक, "ए वरची! ऐकतेस का?"

कुबडी घेऊन कठड्याशी गेले. खाली हेगेलेबाई मान वर करून उभ्या.

"थिओ रविवारी फार रडला."

"दात येतायत."

"तू खिडकीत उभी होतीस."

मी कठडा धरला. त्यांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाल्या, "तू खाली ये. मी वर जाते."

"कुठे?"

"तुझ्या घरात! कुठे म्हणजे? अदलाबदल. श्वेगलरला विचारलंय. खालची भिंत ओली आहे, तुझ्याकडे ऊन येतं. माझी हाडं वाळतील."

"हेगेलेबाई, तुम्ही उतरणार कशा?"

"मी बोलतेय तर ऐक. कोळसा तुझ्या नवऱ्याने आणायचा. रविवारी तू सूप पाठवायचंस, खारट नको. आणि ती पाटी माझ्या दारावर पुन्हा लागता कामा नये. चाळीस वर्षं झाडलं, पुरे."

"पण तुमचा रविवार..."

"कबूल आहे की नाही? मान दुखतेय."

मी कबूल म्हटलं. ताबडतोब म्हटलं.

शनिवार, ३ जानेवारी १९५९

झालं. गॉटलोब उचलून नेतो म्हणाला, तर "मी काय कोळशाची गोणी आहे?" त्या बसून, पाठमोऱ्या चढत होत्या. मी प्लास्टरचा पाय पुढे धरून बसून उतरत होते. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर गाठ पडली. "सरक," म्हणाल्या. "चढणाऱ्याला आधी वाट." मी सरकले.

आता दार उघडलं की आत. डोर्ले आत-बाहेर, आत-बाहेर धावते आहे.

त्यांचं सगळं सामान वर गेलं. थडग्यावर न्यायची ती झारी तेवढी त्यांनी माझ्या दाराशी ठेवली आहे.