घर यांना, झाकण केकवाल्या बाईंना

मी, खाली सही करणारी, वय वर्षे शहात्तर, पूर्वी टीव्हीवर स्वयंपाक शिकवणारी आणि आता घरच्यांना न विचारता शिकवणारी, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. दाखला लिहिता लिहिता त्यांनी मला आपल्या घरचा केक का बसतो ते विचारले आणि मी सांगितले, यावरूनही काय ते समजावे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. मला न विचारता ठरवून टाकण्याचा प्रयत्न दोघांनी केला, त्यांचा उल्लेख पुढे येईलच. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही आणि कोणी तसे काढून दाखवलेच तर ते खोटे धरावे.

वकीलबाईंचे म्हणणे, मृत्युपत्रात मुद्द्याचे तेवढे लिहावे. मी त्यांना म्हटले, "अहो, कांदा परतेपर्यंत बोलत राहायचं, हाच तर माझा धंदा होता." त्यांनी हात टेकले आणि मला आणखी कागद दिले.

कलम १. माझी माणसे.

माझे पती. त्यांना मी या कागदात 'हे' असेच म्हणणार, जन्मभराची सवय आता मोडणार नाही. हे टीव्ही केंद्रात ध्वनिमुद्रक होते. आमची मुलगी लग्न होऊन दुसऱ्या शहरात असते. जावई दातांचे डॉक्टर आहेत, त्यामुळे माझ्या पाकातल्या पदार्थांवर त्यांचा राग आणि पोट दोन्ही चालते. मुलगा इमारती बांधतो व याच शहरात राहतो. सूनबाई फोनवर स्वयंपाकाचे व्हिडिओ टाकतात. सगळी माणसे चांगली आहेत. पुढे मी काही बोलले तर हे वाक्य लक्षात ठेवावे.

कलम २. राहते घर.

हे घर माझ्या एकटीच्या नावावर आहे. एका तेलाच्या कंपनीने माझ्या कार्यक्रमाला पैसे दिले तेव्हा, बाटलीचे लेबल कॅमेऱ्याकडे धरून धरून मी ते घेतले. माझ्या पश्चात या घरात राहण्याचा व त्याचा उपभोग घेण्याचा संपूर्ण हक्क हयातभर यांचा राहील. यांच्यानंतर घर दोन्ही मुलांना निम्मे निम्मे मिळावे. हे हयात असेपर्यंत घर विकू नये, भाड्याने देऊ नये, पाडून नवे बांधू नये, आणि यांना येथून हलवू नये. हे स्वतःच "मला न्या" म्हणाले तर गोष्ट वेगळी. मात्र तसे त्यांनी भरल्या पोटी आणि दोनदा म्हटले पाहिजे.

एवढे बजावून लिहायचे कारण सांगते. गेल्या वर्षी माझ्या हृदयाचे ऑपरेशन झाले. घरी आल्यावर मी आतल्या खोलीत पडले होते आणि बाहेर मुलांची बैठक बसली होती. दार अर्धे उघडे होते.

मुलगी म्हणाली, "आईचं काही बरंवाईट झालं, तर बाबांचं काय करायचं?"

मुलगा म्हणाला, "सहा महिने तुझ्याकडे, सहा महिने माझ्याकडे. हे घर काढून टाकू. एवढ्या घरात एकटे काय करणार ते?"

"एकटं ठेवायचं म्हणजे उपाशी ठेवायचं. साधा चहा येत नाही त्यांना. त्यात दिसतही नाही नीट. एक दिवस घर पेटवून ठेवतील."

हे तिथेच खुर्चीत बसले होते. यांना कोणी काही विचारले नाही. थोड्या वेळाने हे आत आले, माझ्या पायाशी टेकले आणि म्हणाले, "वाटण्या झाल्या. मी दोघांना निम्मा निम्मा आलोय."

मी हसले, पण यांच्या चेहऱ्यावर हसू नव्हते. मग म्हणाले, "अगं, मला इथंच राहायचंय. इथला प्रत्येक आवाज मला माहीत आहे. लिफ्ट कुठल्या मजल्यावर थांबली, नळ कुठला गळतोय, दाराशी कोण आलंय, सगळं कळतं. दुसऱ्याच्या घरात मी नुसता आंधळा होईन."

यांची नजर गेली काही वर्षे अधू होत चालली आहे. मुले वडिलांच्या काळजीने बोलत होती, हे मला मान्य आहे. पण काळजीसुद्धा विचारून करावी.

कलम ३. उलटी इस्त्री.

माझ्या कपाटात खालच्या खणात विजेची एक जुनी इस्त्री आहे. ती सूनबाईंना द्यावी. इस्त्रीचा आणि स्वयंपाकाचा काय संबंध, असे त्या विचारतील.

आम्ही कार्यक्रम सुरू केला तेव्हा स्टुडिओत जाळ पेटवायला बंदी होती. पडद्याने पेट घेतला तर, अशी साहेबांना भीती. मी थंड शेगडीवर थंड पातेले ठेवायची, थंड तेलात कांदा टाकायची आणि मोठ्या तोंडाने म्हणायची, "बघा, कसा छान परततोय." प्रक्षेपण थेट, कॅमेरा एक. मग चर्र असा आवाज कुठून येणार? तर पडद्यामागे हे मांडीवर पाट ठेवून, त्यावर तापलेली इस्त्री उलटी धरून बसायचे, आणि मी कांदा सोडला की चमच्याने तिच्यावर पाणी शिंपडायचे. रस्सा उकळायचा तर पेल्यात नळी घालून बुडबुडे काढायचे. कागद चुरगाळून तर यांनी काय काय तळले आहे!

एकदा मी कांदा हातात घेऊन बोलतच होते, आणि मागून चर्र! सगळ्या शहराने ऐकले. मी तशीच पुढे म्हणाले, "आज तेल जरा उतावीळ झालेलं दिसतंय." कार्यक्रम संपल्यावर हे मान खाली घालून आले.

"चूक झाली. मी कांद्याकडे बघायचं, ते तुमच्याकडे बघत होतो."

त्यानंतर आमचे लग्न ठरायला फार वेळ लागला नाही. सूनबाई, तुमच्या व्हिडिओत कांदा पडला की ढोल वाजतात. तो ढोल एकदा काढून बघा. सांगायचे एवढेच होते, इस्त्री हे नुसते निमित्त.

कलम ४. पातेल्याचे झाकण.

माझे जाड बुडाचे मोठे पातेले केकवाल्या बाईंनी, म्हणजे माझ्यानंतरच्या वारी ज्यांचा कार्यक्रम लागत असे त्यांनी, एका दिवसासाठी म्हणून नेले. पुढे रंगीत टीव्ही आला, केंद्राची इमारत बदलली, आमचे दोघींचे केस पांढरे झाले, पण पातेले काही आले नाही. आता झाकणही त्यांनाच देऊन टाकावे. झाकणावाचून त्यांचे पातेले किती वर्षे अडले असेल! झाकण देताना तोंडावर हसू ठेवावे. बाकी बाई केक उत्तम करत, हे मी त्या हयात असताना कबूल करणार नव्हते, पण आधी कोण जाणार हे माहीत नसल्याने लिहून टाकते.

कलम ५. सुऱ्या, एप्रन आणि शिल्लक.

बँकेतली शिल्लक अर्धी मुलीला, अर्धी मुलाला. त्यात भांडण्याजोगे काही नाही. एप्रन मुलीला द्यावा. ती स्वयंपाक करत नाही, पण लहानपणी स्टुडिओत टेबलाखाली त्या एप्रनचे टोक धरून झोपायची.

सुऱ्या मुलाला, कारण त्या धार लावून ठेवणारा घरात तोच आहे. त्यातल्या छोट्या सुरीची हकीकत अशी. काही वर्षांपूर्वी मला एका चॅनेलवर स्पर्धेची पाहुणी परीक्षक म्हणून बोलावले होते. पूर्वी आम्ही शिकवायचो आणि बघणारी बाई घरी करून बघायची. आता घड्याळ टिकटिकते, पोरे पळत सुटतात आणि कोणी रडले की कॅमेरा जवळ येतो. एका मुलीचे मासे मध्यभागी कच्चे राहिले होते. मी याच सुरीने कापून पाहिले. दिग्दर्शक माझ्या कानाशी आला.

"मॅडम, जरा चिडा ना. प्लेट सरकवून द्या."

"कशाला?"

"लोकांना आवडतं."

मी उठले, तव्याखालचा जाळ पुन्हा लावला आणि त्या मुलीला म्हटले, "आणखी जरा वेळ दे त्याला, घाई नाही." ती हसली आणि मासे झकास झाले. हे त्यांनी अर्थातच दाखवले नाही आणि मला पुन्हा बोलावलेही नाही. मला त्याचा राग नाही. थोडा आहे.

कलम ६. यांचे शिक्षण.

हे कलम वकीलबाईंच्या मते कायद्यात बसत नाही. माझ्या मते घराच्या कलमाचा सगळा भार यावरच आहे.

मुलांच्या त्या बैठकीनंतर मी ठरवले की यांना स्वयंपाक शिकवायचा. जिने साऱ्या शहराला शिकवले, तिचा नवरा तेवढा चहावाचून अडलेला, म्हणजे दिव्याखाली अंधारच की. मला डॉक्टरांनी जाळाजवळ उभे राहू नको म्हणून सांगितले होते. मी टेबलाशी खुर्ची टाकून बसले आणि हे ओट्याशी उभे राहिले.

सुरुवात वाईट झाली. मी म्हणायची "तांबूस झाला की काढा", आणि यांना तांबूस दिसायचाच नाही. दोन कढया कोळसा झाल्या. हे चिडून म्हणाले, "राहू दे. मुलं बरोबर बोलतात."

ते ऐकून मला रडू आले, आणि रडता रडता मला जुना काळ आठवला. आमचा पहिला टीव्ही काळा-पांढरा. 'सोनेरी होऊ द्या' असे मी सांगायची आणि पडद्यावर सगळे करडे! पुढे जाळाची परवानगी मिळाली, यांचा माइक खऱ्या कढईवर आला, तेव्हा यांनीच मला सांगितले होते, "कांद्यातलं पाणी आहे तोवर आवाज भरदार असतो. पाणी संपलं की बारीक होतो. तेव्हा काढ." त्या दिवसापासून मी बघणाऱ्यांना सांगू लागले की डोळे मिटा आणि ऐका. लोकांना वाटे, काय हुशार बाई आहे!

मी यांना म्हटले, "अहो, बघू नका. ऐका. तुमचंच तुम्हाला सांगतेय."

हे स्टूल ओढून शेगडीशी बसले, स्टुडिओत कानाला ऐकायचे यंत्र लावून बसायचे तशी मान तिरकी केली. मी सवयीने बोलू लागले, तर म्हणाले, "अगं, शांत बस. आवाज ऐकू दे." सगळ्या संसारात मला पहिल्यांदा कोणी गप्प बस म्हणाले, आणि मी बसले.

त्या दिवशी कांदा असा झाला की मी नुसताच खाल्ला. मग भात. पाणी खदखदते, मग भातात भोके पडून सुस्कारे येतात, मग तळाशी अगदी बारीक तडतड होते, की हे जाळ बंद करतात. बटाटे, सूप, अंडी, मासे, सगळे यांना असेच आले. गॅस नुसता सुटला तरी यांना बाहेरच्या खोलीत कळते. मीठ मात्र आवाज करत नाही, ते हे चिमटीने मोजतात आणि कधी कधी दोनदा टाकतात.

आमच्या कार्यक्रमाचा तो एक कॅमेरा सांभाळणारे कॅमेरावाले भाऊजी दोन गल्ल्या पलीकडे राहतात, ते रोज दुपारी येतात. त्यांना आता ऐकू येत नाही, पण दिसते चांगले. ते भाजी निवडतात, हे शिजवतात. दोघे मिळून एक धड माणूस होतो आणि जेवतो मात्र तिघांचे. मुलांना हे काही कळू द्यायचे नाही, असे यांनीच ठरवले. "आत्ता सांगितलं तर कौतुक करतील आणि तरी घेऊन जातील," म्हणाले.

कलम ७. शेवटची सूचना.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकीलबाईंनी करावी. त्यांना मी एक सूचना वेगळी दिली आहे. मी गेल्यावर महिनाभराने त्यांनी सगळ्यांना या घरी जेवायला बोलवावे, जेवण बाहेरून मागवले आहे असे सांगावे, आणि हे कागद सगळ्यांची जेवणे उरकल्यावर वाचायला घ्यावेत.

तेव्हा मुलांनो, तुम्ही आत्ता जेवून बसला आहात. जेवण मागवलेले नव्हते. ते सकाळपासून बाबांनी केले.

अहो, तुम्ही आज एकटे स्टुलावर बसला असाल आणि मला गप्प बस म्हणायची वेळ आली नसेल, याचे मला फार वाईट वाटते. तुमच्याबरोबर मी सुखात राहिले. रोज दोन वेळा जेवत जा, भाऊजी आले नाहीत तरी.

आता बाबांना या घरातून न्यायचेच असेल, तर ज्याने त्याने ते आत्ता, त्यांच्यासमोर बसून, त्यांच्या हातचे जेवण पोटात असताना, तोंडाने म्हणून दाखवावे.

लिहून देणार : (सही)
वरील मजकूर मी स्वतः लिहिला व मोठ्याने वाचून पाहिला.

साक्षीदार :
१. कॅमेरामन, निवृत्त (सही). लिहून देणार यांनी माझ्यादेखत सही केली. ऐकू आले नाही, पण पाहिले.
२. डॉक्टर (सही). लिहून देणार यांनी माझ्यादेखत सही केली.

यजमानांना साक्षीदार केलेले नाही, कारण घर त्यांना मिळत आहे. सही होत असताना ते स्वयंपाकघरात होते.

स्थळ : राहते घर, जेवणाचे टेबल
दिनांक : २१ नोव्हेंबर २०२२, सोमवार