दोरीपलीकडचा उतार

तीर्थरूप अण्णा,
काश्मीरहून नूतनचा दंडवत.

मी बरी आहे. दोन स्वेटर घालते, जेवण वेळेवर होतं. तिकडे गोडादऱ्यातले कापडाचे लूम पुन्हा दोन्ही पाळ्यांत चालू झाले का? आईला इथपर्यंतच वाचून दाखवा.

मी इथे बर्फ खणून थर तपासते. टेम्पोत ताके रचताना मध्ये प्लास्टिकची गुळगुळीत पन्नी राहिली, की वरचा ढीग घसरतो. तसाच एक कच्चा थर यंदा डोंगरभर आहे. म्हणून मी स्कीचा वरचा उतार दोरी बांधून बंद केला होता. तरी दोन पाहुणे दोरीखालून गेले. त्यांना परत आणायला आमच्या गस्तीतला इश्फाक गेला. तेवढ्यात अर्धा बर्फ सुटून खाली आला; पाहुणे वाचले, तो गाडला गेला.

तो आता जिवंत नसणार, हे सगळ्यांना कळलंय. पण त्याला शोधायला आमची पोरं कधी पाठवायची, हे मी ठरवायचं, आणि वरचा अर्धा बर्फ अजून सुटायचा आहे. रोज सकाळी त्याचे वडील दोरीपाशी येऊन विचारतात, "बेटी, आज?"

मी नाही म्हणते.

आज ते म्हणाले, "ठीक है. उन लड़कों के भी बाप हैं." आणि थर्मासमधला चहा त्यांनी मला ओतून दिला.

उद्याही मला नाहीच म्हणावं लागेल, अण्णा.

तब्येतीला जपा.
तुमची नूतन