चौकटीतला खिळा

धरमतर, ता. पेण
२८ जुलै २०२५

चि. विमल हिस,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून पत्र. घर झालं. दहा बाय आठ. भिंती मोडीत काढलेल्या बार्जच्या फळ्यांच्या, कौलं मिठागरातल्या पडक्या खोपीची, दरवाजा वडखळच्या भंगारवाल्याकडचा, कुठल्याशा ऑफिसातला. त्यावर ‘परवानगीशिवाय आत येऊ नये’ असं लिहिलंय, ते तसंच ठेवलं. जग चांगलं लाकूड फेकून देतं आणि सिमेंटच्या खोक्यात राहायला जातं, हे चाळीस वर्षं सभांमधून ओरडून सांगितलं. आता राहून दाखवतो.

अमोलला पटत नाही. बापाची काळजी वाटते, दुसरं काय! त्याची अट अशी, की उधाणाचं पाणी एकदा जरी आत शिरलं, तरी मी घर सोडून वडखळला त्याच्या फ्लॅटवर जायचं. मी शब्द दिलाय. जोतं मापून घातलंय. खाडीचा बांध फुटला त्या वर्षी आपल्या बाबांनी पाणी चढलं तिथे दाराच्या चौकटीत खिळा ठोकला होता, आठवतो? जागा तीच, चौकटही तीच लावली. तिचे पाय कुजले होते, ते वीतभर कापले, मग खालपासून खिळ्यापर्यंत मोजलं आणि जोतं त्याहून चार बोटं उंच घेतलं.

माया आहेच, ती पत्रातूनही येऊ दे.
तुझा
महिपतीदादा


रोहा
३ ऑगस्ट २०२५

ती. दादास,
विमलचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

दरवाज्याचं वाचून खूप हसले. तुझ्या घरात परवानगी मागायची कुणी आणि द्यायची कुणी? इथे लावणी उरकली, सगळे खुशाल.

पण दादा, एक ओळ मी तीनदा वाचली. तू आधी कापलंस आणि मग मोजलंस? मग खिळा वीतभर खाली आला, पाणी थोडंच खाली येणार? पिठोरीचं उधाण तोंडावर आहे. पोस्टावर भरवसा नाही, म्हणून पत्र माझ्या हर्षदच्या हाती देतेय. फ्लॅटवर तू राहशील रे, पण बोलायचा थांबशील. ते मला इथे रोह्यात ऐकू येईल.

लोभ असू दे, राग मागाहून कर.
विमल


धरमतर
२४ ऑगस्ट २०२५

चि. विमल हिस,
आशीर्वाद, आणि या खेपेला नमस्कारसुद्धा.

आधी कापलं, मग मोजलं. हर्षदसमोर कबूल करवलं नाही, त्याला चहा पाजून परत धाडला. दोन दिवसांनी शेजारच्या कान्हूला सांगितलं. तो म्हणाला, होडी उचलतो तसं घर उचलू. खाली बांबू घातले, बारा माणसं लागली. मी चार शब्द बोलायला उभा राहिलो, तर त्याची बायको जनी म्हणाली, “दादा, तुमी गप ऱ्हावा, नायतर घर हातातनं सुटंल.” आयुष्यात पहिल्यांदा सभा अर्धी सोडली. जोत्यावर जांभ्याच्या चिऱ्यांचा आणखी एक थर बसला.

काल दुपारी बांध फुटला. मी पाय वर घेऊन बसलो होतो. पाणी चढत चढत नव्या थरावर आलं आणि जमिनीच्या फळ्यांखाली चार बोटांवर थांबलं. तास-दीड तासाने उतरलं. तोवर मी एक अक्षर बोललो नाही, जनीला विचार.

संध्याकाळी अमोल टेम्पो घेऊन आला, माझं सामान न्यायला. घराभोवती फिरला, ओल पाहिली, वरचा थर कधीचा म्हणून विचारलं. मी खरं ते सांगितलं. मग त्याने माझा कोयता घेतला आणि ओल होती तिथे चिऱ्यावर खोल रेघ ओढली.

“अण्णा,” म्हणाला, “ही कापू नका.”

टेम्पो रिकामा गेला. गौरींना ये. दारावर काय लिहिलंय ते वाचत उभी राहू नकोस.

तुझा
महिपतीदादा