रॉनच्या खांद्यासाठी हलकी काडतुसे

१९ मे २०२१, संध्याकाळी सव्वासहा. बंदुकांचे दुकान बंद करून आलो, भात लावलाय.

आज रॉन आला होता. अठ्ठ्याहत्तरीतही लावा पक्ष्यांची शिकार करतो, पण बंदुकीच्या धक्क्याने खांदा काळानिळा झालाय. मी बत्तीसऐवजी चोवीस ग्रॅम छर्‍यांची, कमी वेगाची काडतुसे काढली.

"ही पोरांची, मेट!" इथल्या पद्धतीने मला मित्र म्हणत तो कुरकुरला.

"लाव्याला पुरतात. नाहीतर शिकार सोडावी लागेल."

चोवीसच बरोबर ना? पुन्हा तपासले. बरोबर. पण त्याने शिकार सोडली तर माझ्याशी बोलायला दुकानात येणार कोण? करोनामुळे विमाने बंद, मायदेशी घरीही जाता येत नाही.

जाताना म्हणाला, "कुत्रा मेला माझा. रविवारी पाडलेले पक्षी उचलायला येतोस?"

मी अंड्यालाही कधी हात लावलेला नाही. लगेच हो म्हणालो.