खोलीतली व्हर्च्युअल मेमरी

३ जून, दुपारी
डोकं फिरलंय. सातवी नापास म्हणून मी अजून लोकांच्या कॉम्प्युटरमधली धूळच फुंकतोय. आमच्या दुकानातल्या उस्ताद मेकॅनिकना विचारलं, एवढ्याशा रॅममध्ये एवढाले प्रोग्राम मावतात कसे? म्हणाले, रॅम म्हणजे टेबल, हार्ड डिस्क म्हणजे कपाट. टेबल भरलं की आत्ता नको ते कपाटात टाकायचं, लागलं की काढायचं. प्रत्येक प्रोग्रामला वाटतं, टेबल आपलंच. ही व्हर्च्युअल मेमरी. फायदे झाले, आता तोटे सांगतो म्हणाले. मला सगळं कळलं होतं. उठलो.

५ जून
दादाचा फोन. मावसभावाला घेऊन काम शोधायला येतोय. राहायची सोय आहे, की नेहमीच्या थापा? असं विचारतो! सांगितलं, स्वतंत्र खोली आहे माझी.
थाप कसली? खाटा तीन. पण माझ्यासोबत राहणारे वॉचमन आणि बेकरीवाला रात्रपाळीला, म्हणजे रात्री दोन खाटा रिकाम्या. त्यावर हे दोघे. दादाला वाटेल, खोली आपलीच. उस्तादांना जमलं नसतं.

७ जून
वॉचमन, बेकरीवाला दोघंही अडून बसले. अडाणी कुठले. झोपणार दिवसा आणि खाट हवी चोवीस तास. शेवटी कबूल झाले, पण सुट्टीच्या रात्री खाट मोकळी पाहिजे म्हणे. दोघांची सुट्टी एकदम कशाला येतेय?

१० जून
दादा खाटेवर आडवा झाला आणि टोमणा न मारता घोरायला लागला. जन्मात पहिल्यांदा.

१२ जून, सकाळी
काल बेकरीची भट्टी बिघडली आणि वॉचमनला ताप भरला. दोघं दारात हजर. दादाला उठवून वॉचमनला निजवलं. मावसभावाला उठवून बेकरीवाल्याला. जमिनीवर मावसभावाची पाठ धरली, मग बेकरीवाल्याला उठवलं. वॉचमनला पंखा सोसेना, पुन्हा सगळे उठले. उजाडेपर्यंत नुसती उठवाउठव, झोपलं कुणीच नाही. वर दादा विचारतोय, यातली तुझी स्वतंत्र खोली कुठली? एकेकाला धरून बडवावंसं वाटलं.
उस्तादांना सांगितलं तर पोट धरून हसले. म्हणाले, "अरे बाबा, तोटा हाच. सगळ्यांना एकदम जागा लागली की मशीन काम सोडून नुसती काढघाल करत बसते."
मग हे आधी सांगायला काय झालं होतं?

१४ जून
मी कामावर असताना खोलीत बैठक झाली. माझ्या खोलीत! ठरलं, एक माणूस कमी केला की सगळ्यांचं भागतं. दादा म्हणाला, "तुला दुकान आहे की. तिथे झोप."
सख्खा भाऊ. उद्या जाऊन सगळ्यांना बाहेर काढतो.

१५ जून
काढलं नाही. मनाचा मोठेपणा.
दुकानात हार्ड डिस्कच्या कपाटाला टेकून लिहितोय. पाय लांब करता येत नाहीत. आईचा फोन आला होता. दादानं कळवलं म्हणे, खोलीत आता ऐसपैस झालंय. धाकट्यालाही पाठवू का?
म्हटलं, पाठव. खोली माझीच आहे.