नकाशा एकच हवा

२ फेब्रु., रवि. सोहार, ओमान
इथल्या गव्हर्नर-कचेरीतल्या सालेमसाहेबांनी तिन्ही नकाशे परत पाठवले. कामगार कॅम्पसमोरच्या मोकळ्या जागेचे. एकात पार्किंग, एकात बाग, एकात मैदान.
इतकी वर्षं आमची रीत हीच. तीन काढायचे, मस्कतला मंत्रालयात धाडायचे. वरून एकावर शिक्का येतो, आपण कामाला लागायचं. आता म्हणे असल्या कामांचा अधिकार इथल्या गव्हर्नर-कचेरीकडे आला. मस्कत खलास. साहेब फोनवर म्हणाले, "एकच आणा. तुम्हाला बरोबर वाटतो तो."
मला? मी ड्राफ्ट्समन. वाटण्याचा पगार मला कधी मिळाला नाही.

५ फेब्रु., बुध.
कंपनीचा मालक, आमचा अर्बाब, टेबलाशी आला होता. जागेसमोर त्याची नवी दुकानं, म्हणजे पार्किंगच हवं. त्या नकाशावर चहाचा कप ठेवून गेला.
माझा व्हिसा त्याच्याच हातात. जूनमध्ये रिन्यू...

७ फेब्रु., शुक्र.
चर्चमधली मिस्सा आटोपून त्याच मोकळ्या जागेवर क्रिकेटला. कॅम्पवाल्यांना शुक्रवारी जायला दुसरं आहे काय? इकबालभाई कॅम्पचे फोरमन, रत्नागिरीचे. त्यांना सगळं आधीच कळलेलं. म्हणाले, "तुमच्या हातात हाय ना? मग आमची पिच ऱ्हायली." एवढ्या विश्वासाची भीती वाटते. एक ओव्हर टाकली, खांदा धरला.
दुपारी वसईहून भावाचा फोन. गावाला महापालिका नको, ग्रामपंचायत परत हवी, सह्या चालू आहेत. मी तावातावानं म्हणालो, गावच्या विहिरीचं गावानंच ठरवावं, लांबच्याला काय कळतं!
बायको, सिसिली, भांडी पुसत ऐकत होती. "आणि इथल्या मैदानाचं?"
तिकडच्या मतदार यादीत नाव आहे की उडालं तेही ठाऊक नाही. इथं तर नाहीच. आणि विचारतात मात्र इथले. काय समजायचं?

१० फेब्रु., सोम.
मैदान पाठवलं. कडेला थोड्या गाड्यांची जागा, म्हणजे दोन्ही डगरींवर हात. पण खाली पहिल्यांदाच माझं नाव घातलं.

१२ फेब्रु., बुध.
साहेब स्वतः आले. नकाशा आवडला. पेन काढलं, टोपण उघडलं, परत लावलं. अशी सही त्यांनीही कधी केलेली नाही, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. तेही आजवर शिक्क्याची वाटच बघत आलेत.
मग हळूच म्हणाले, "एकदा मस्कतला विचारून घेऊ या?"
मलाच विचारत होते. दारात अर्बाब उभा.
"नको," म्हणालो. का म्हणालो, कुणास ठाऊक. अर्बाबनं ऐकलं, निघून गेला.
साहेब म्हणाले, इन्शाल्ला. नकाशा गुंडाळून नेला, सही न करताच. खिडकीतून गाडी चौकापर्यंत दिसली. तिथून डावीकडे त्यांची कचेरी, सरळ मस्कत. नेमका मध्ये पाण्याचा टँकर आला.