वॉटरफोर्डला न पोचणारे राक्षस

डून लेरी,
१४ नोव्हेंबर २०२०

चि. अलकनंदा हिस अ. उ. आशीर्वाद.

पत्र लिहून त्याचा फोटो पाठवते आहे. टपालाच्या भरवशावर राहिले तर आधी लस येईल. मार्चपासून इथे आयर्लंडात वैदेहीकडे अडकले आहे आणि घराला शिस्त लावते आहे. लेक हॉस्पिटलातून दमून येते, त्यामुळे विरोध होत नाही.

नात तन्वी हिच्यासाठी पुण्याहून आणलेले खेळाचे यंत्र तुला आठवत असेल. राक्षस पकडायचे, वाढवायचे, झुंजवायचे. दुकानात तू म्हणालीस की ताई, हे नकली दिसतंय. मी म्हटले, राक्षसात कसलं आलंय अस्सल?

आता ऐक. तिची जिवलग मैत्रीण कीरा उन्हाळ्यात वॉटरफोर्डला राहायला गेली. सध्या पाच किलोमीटरपलीकडे जायला बंदी. या मुली अस्सल खेळातले राक्षस इंटरनेटवरून एकमेकींना देतात, तीच त्यांची भेट. माझ्या यंत्रातला राक्षस कुठेच जात नाही. तन्वीने मला हे कधी सांगितले नाही. विचारले की इथल्या लोकांसारखे 'ग्रँड', म्हणजे मस्त, आहे म्हणते. काल तिचे फोनच्या स्पीकरवरचे बोलणे कानावर पडले. आमचे इंटरनेट वाईट आहे, असे ती सप्टेंबरपासून कीराला सांगते आहे. कीरा म्हणाली की मी नकोशी झाले असेन तर तसे सांग, आणि फोन ठेवला. तेव्हापासून पोरगी धड जेवत नाही.

तीस वर्षे मी कॉपी करणाऱ्या मुलींना वर्गाबाहेर काढले. आता मला कोण काढणार?

माया करतेसच, ती थोडी वाढव.
तुझी,
शुभदाताई

*

पुणे,
१७ नोव्हेंबर २०२०

ती. ताईस सा. न. वि. वि.

दुकानदाराशी तू पाऊण तास घातलेली हुज्जत मला पाठ आहे. वैतागून त्याने बिलावर 'अस्सल' असे लिहून दिले, तेव्हा तू गप्प बसलीस. लिखित पुराव्यापुढे तुझे काही चालत नाही.

अस्सल खेळ तू घेशीलच. पण त्याने अर्धेच काम होईल. पोर खोटे बोलली ती तुला वाईट वाटू नये म्हणून. ते तिला निस्तरायला लावू नकोस, तू निस्तर. आणि कृपा करून त्या परक्या मुलीला शुद्धलेखन शिकवू नकोस.

रागावलीस तरी चालेल, अंतर देऊ नकोस.
तुझी धाकटी,
अलकनंदा

*

डून लेरी,
२९ नोव्हेंबर २०२०

चि. अलकनंदा हिस अ. उ. आशीर्वाद.

यंत्र नकली असल्याचे वैदेहीला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. आईला लागेल म्हणून तिने दुसरे घेतले नाही. म्हणजे या घरात फसलेली मी एकटीच.

गेल्या रविवारी कीराच्या आईला फोन केला आणि कीराला बोलवायला सांगितले. माझ्या कॉलेजच्या इंग्रजीत निवेदन केले की मी खरेदी केलेला माल बनावट निघाला, तन्वी मला पाठीशी घालत होती, दोष सर्वस्वी माझा. मग कीराने विचारले की नकली राक्षस दिसतात तरी कसे. मी फोन तन्वीला दिला. एकाला शेपटी पुढच्या बाजूला आहे, एकाचे नाव नुसते 'सूप' आहे. दोघी दीड तास हसत होत्या. मी स्वयंपाकघरात उगाच भांडी पुसत बसले.

काल अस्सल यंत्र आले आणि संध्याकाळी वॉटरफोर्डहून पहिला राक्षस पोचला. गोल, जाड भुवयांचा, उशिरा आलेल्या मुलीकडे बघावे तसा बघणारा. कीराने त्याचे नाव 'आजी' ठेवले आहे. तन्वीने साम्य नाकारले नाही. मी विचारले की हा करतो काय. म्हणे, मारत नाही, नुसता रोखून बघतो, आणि समोरचा कच खातो.

आलेला राक्षस पुढे कुणाला तरी द्यायचा असतो, असा त्यांचा रिवाज. हा कुणाला देणार, असे मी सहज विचारले. मान वर न करता ती मराठीत म्हणाली की आजी द्यायची नाही.

हे चारचौघींत सांगू नकोस, आणि माझ्यावर जीव आहे तसाच राहू दे.
तुझी,
शुभदाताई